तेलाच्या कॅनला तीट

हसायचं तेवढं हसा माझ्या घाबरटपणाला, पण आमची गाडी त्याच्यामुळेच चालली.

ह्यांनी मोबाईलवर बघून ठरवलं, आपल्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरीच बदलायचं. दुसऱ्या दिवशी मी बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी, सांडोरला जाणार होते, त्यामुळे माझा जीव टांगणीला. ह्यांनी जुनं तेल गोडेतेलाच्या तोंड कापलेल्या कॅनमध्ये काढलं आणि म्हणाले, "जेवढं निघालं तेवढंच नवीन घालायचं. कमी नाही, जास्त नाही."

मला कुठलं राहवतंय! बाळाच्या काजळाची डबी हातात होतीच, कॅनवर बाहेरून, तेल जिथवर आलं होतं तिथे आडवी रेघ मारली. ह्यांनी पाहिलं.

"आता तेलालाही तीट लावलीस?"

जेवून येतो तर कॅन रिकामा! आणि सासरे वाडीच्या लाकडी फाटकाला ब्रश मारतायत.

"जुनं तेल लावलं की वाळवी लागत नाय. फुकट कशाला घालवायचं?"

हे डोकं धरून खालीच बसले. "बाबा, ते मोजायचं होतं हो! आता नवीन किती घालू?"

मी कॅन उचलून समोर धरला. "रेघेपर्यंत."

कॅन आतून पुसला, रेघेपर्यंत नवीन तेल मोजलं, गाडीत ओतलं. गाडी अंगणात पुढे गेली, मागे आली, एक हिसका नाही.

सकाळी मी बाळाला घेऊन गाडीत बसले, तर हे म्हणाले, "ती डबी दे जरा," आणि स्वतःच्या हाताने बॉनेटवर तीट लावली.

तिकडून सासरे ओरडले, "माझ्या फाटकालापन एक लाव रे!"