लख्ख अंगठा

पेण स्टँडवर रोह्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. सुनेच्या हातात दवाखान्यातला कागद होता.

"काय लिवलंय गो त्यावर?"

"तुमच्यावर नव्या औषधाची चाचणी चाललीय, आणि तुम्ही ते राजीखुशीनं घेताय."

"मी? मला तर शिबिरात सांगितलं, गुडघ्याच्या ताकदीच्या गोळ्या हायत."

"मी तेच बोलले डॉक्टरांना. ते म्हणाले, माणसांवर प्रयोग होतात त्यावर लक्ष ठेवायला समिती असते. तिनं सगळे कागद तपासलेत."

"कागद तपासले. चक्कर मला येते, कागदाला नाय येत. मला कोणी इचारलं?"

"खाली तुमचा अंगठा हाय, आई."

"बघू. रेष न् रेष दिसते गो."

"व्हय, लख्ख उठलाय."

"रेशनचं मशीन माझा अंगठा घेतं काय?"

"कधीच नाय. दर महिन्याला माझाच लावावा लागतो."

"तीस वर्षं मिठागरात मीठ ओढलं. बोटांवर एक रेष उरली नाय. हे बघ."

"आई, गाडी लागली."

"जाऊंदे गाडी. चल माघारी. हा अंगठा ज्याचा हाय, त्याला चारा म्हणावं गोळ्या."