जावयाचे मनगट

मी, वय साठ, व्यवसाय वैमानिक, राहणार विमानतळामागील कर्मचारी वसाहत, तिसरा मजला, समक्ष हजर होऊन विचारले तसे सांगतो की, माझ्याविरुद्ध तक्रार देणारा सहवैमानिक हा माझा जावई आहे. मुलगी काही महिन्यांपासून आमच्याकडे राहते. त्याचे कारण या जबाबात नको.

आज माझा नेहमीचा सहवैमानिक आजारी पडल्याने ऐनवेळी जावयाला माझ्याबरोबर दिले. 'मी याच्याशेजारी बसत नाही' असे दोघांपैकी कोणीच म्हटले नाही. नाक कोण कापून घेणार? मी त्याला "जेवलास का?" असे विचारले. तो म्हणाला, "इथं सासरेपणा नको, कॅप्टन."

विमान तो चालवत होता. वर चढताना उजव्या इंजिनाच्या थरथरीचा आकडा वाढला, पाठोपाठ तापमानही. पायाखालची फरशी गुरगुरू लागली. मी म्हटले, "उजवं." तो म्हणाला, "दिसतंय मला. शिकवू नका."

आमच्यात रीत अशी की, एकाने इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, दुसऱ्याने पाहून 'बरोबर' म्हणायचे, मगच दांडा मागे घेऊन ते इंजिन मंदावायचे. रागाच्या भरात त्याने हात ठेवला तो डाव्यावर. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! मी म्हटले, "हात काढ, ते चांगलं इंजिन आहे." तो म्हणाला, "लग्नापासून तुमच्या होकाराची वाट बघतोय. आता नाही बघणार." आणि दांडा ओढू लागला.

तेव्हा मी त्याचे मनगट धरले. सोडेना म्हणून पिरगाळले. त्याच्या मनगटावरचे वळ माझ्याच बोटांचे आहेत. मग विमान मी माझ्याकडे घेतले आणि उजव्या दांड्यावर हात ठेवून थांबलो. शेवटी तो 'बरोबर' म्हणाला. दांडा मागे घेताच थरथर उतरली. डाव्या इंजिनावर आम्ही परत उतरलो. कॉकपिटमध्ये तिसरे माणूस नव्हते.

उतरल्यावर त्याने कर्मचाऱ्यांच्या खोलीत सगळ्यांना हात दाखवला. "म्हातारा मुलीचा राग माझ्यावर काढतो," असे म्हणाला.

मुलगी आत्ता पोलीस ठाण्यात आली आहे. मला म्हणाली, "बाबा, घरचं भांडण होतं म्हणा, माफी मागा. ते तक्रार मागे घेतील. दांड्याचं जबाबात राहिलं तर त्यांची नोकरी जाईल. मग मी कुणाच्या घरी परत जाऊ?" मी म्हटले, "आपल्या घरी राहा." ती म्हणाली, "ते हेच म्हणतात, की तुम्हाला मी माहेरीच हवी."

मला ते नको आहे. भांडण अंगणात झाले असते तर मी त्याचे पाय धरले असते. मुलीच्या बापाला त्याची कसली लाज! पण आमच्या पाठीमागे विमानभर माणसे बसली होती. हात डाव्या दांड्यावर होता.

दांड्याचे सगळे काढा, हे शेवटचे वाक्यही, असे मुलगी हवालदारांना म्हणाली. मी नाही म्हटले. ती उठून बाहेर जावयापाशी जाऊन उभी राहिली. त्यानंतर जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे, एक अक्षरही बदलायचे नाही.