तीस दिवसांची मुदत

हॅलो?… हो, मीच. इव्हान्थियाच, दुसरं कोण असणार या घरात?… ऐकू येतंय ताई, स्वच्छ येतंय. साध्या फोनवर तुझं मेलबर्नसुद्धा पलीकडच्या खोलीत असल्यासारखं वाटतं. रडगाणं सगळं त्या इंटरनेटचं.

चर्चमधून आत्ताच आले, कोट अजून अंगावर आहे… घेवड्याचं सूप टाकलंय. ईस्टरपर्यंत उपवासच ना. तू काय खाल्लंस?… दोन चमचे म्हणजे काय खाणं झालं का?… बरं, नाही बोलत.

अगं ऐक ना. काल यानिना शहरातून इंटरनेट कंपनीचा माणूस आला होता… हो, आला एकदाचा. इतके दिवस मी फोन करकरून थकले, कुत्रं विचारत नव्हतं. दर वेळी नवी पोरगी, आणि दर वेळी तेच, इंटरनेटचा डबा बंद करून चालू करा बाई. शेवटी आपला स्टाथिस… टपाल कचेरीतला गं, आता निवृत्त झालाय… तो म्हणाला, फोनवर बोंबलून कोणी हलत नाही, लेखी द्या. त्याने करार काढायला लावला. करारात वेग म्हणून शंभर लिहिलंय ताई, चांगलं ठळक. आणि येत होतं अकरा… अकरा. शंभरातलं अकरा.

मोजायचं तरी कसं, तर वायर लावून. हवेतून मोजलेलं ते लोक धरत नाहीत. मग स्टाथिसने स्वतःचा लॅपटॉप आणला, डब्यातून वायर थेट त्यात घातली, घरातलं बाकी सगळं बंद करायला लावलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, असे तीन दिवस. प्रत्येक आकड्याचा फोटो, शिवाय मी चर्चच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. मग अर्ज. अर्जाचा नंबर मागून घेतला, तेव्हा कुठे माणूस पाठवला त्यांनी.

तर तो विचारतो, डबा कुठाय? मी बैठकीची खोली उघडली, शोकेसची किल्ली आणली… हसू नकोस. मग कुठे ठेवायचा? नवी वस्तू आपण आणखी कुठे ठेवतो? आईचे काचेचे पेले, लग्नाचे मुकुट, मधोमध डबा. आणि वर तुझा क्रोशाचा रुमाल… तोच, जायच्या आधी विणलेला. तो माणूस बराच वेळ बघतच राहिला. म्हणाला, वायरवर अकरा येतंय आणि स्वयंपाकघरात दोनच पोचतंय, ते या कपाटामुळे. डबा काढून खिडकीत ठेवला, तर स्वयंपाकघरात नऊ आलं… हो, दोनाचं नऊ. मला लाजच वाटली.

पण पुढचं काही त्याच्या हातात नाही. खालच्या गावातून वर येणारी तार जुनी आहे, ती बदलल्याशिवाय शंभर कुठलं, वीसही यायचं नाही. कंपनीला तीस दिवसांची मुदत असते म्हणे. तेवढ्यात नाही सुधारलं तर दंड न भरता करार मोडा… आणि मोडून जाऊ कुठे? दुसऱ्या कंपनीचीही तार तीच.

तीस दिवस म्हणाला, आणि मी त्याच्यासमोरच रडायला लागले. त्या बिचाऱ्याला काही कळेना… मला माहीत आहे ताई. थानासिसने सांगितलं… त्याच्यावर चिडू नकोस, नवरा आहे तुझा, त्याने तरी किती दिवस पोटात ठेवायचं? मीच खोदून विचारलं. डॉक्टर दोन आठवडे म्हणालेत, फार तर तीन. कंपनीला तीस दिवस आणि तुला एवढेच.

थांब, माझं संपलं नाही. मी त्या माणसाला तुझा काळा चौकोन दाखवला. गेल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलचा. तक्रारीला जोडायला फोटो काढून ठेवला होता मी. आवाज येतो, चित्र काळं. त्याने बघितलं, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "बाई, ही लाईनची चूक नाही. त्यांनीच तिकडे कॅमेरा बंद ठेवलाय."

…

हॅलो?… आहेस ना?…

चार रविवार मला सांगत होतीस, तुमच्या डोंगरातली लाईनच तसली. आणि मी वेडी कंपनीच्या नावाने खडे फोडत बसले… नाही, रागावले नाही. काल रागावले होते, रात्रीपर्यंत ओसरला राग.

केस गेले तर गेले… अगं, मला ठाऊक नाही का कशी दिसत असशील? आईला शेवटी मीच आंघोळ घालत होते, तू नव्हतीस इथे… चुकलं. बोलायला नको होतं. चुकलं माझं.

पूर्वीची आठव म्हणतेस. पूर्वीची म्हणजे कोण? एकाहत्तर साली बसच्या खिडकीतून हात हलवत गेली ती वीस वर्षांची पोर, तीच ना? तिला आठवून आठवून मी अडुसष्टची झाले. मला आताची तू हवीस… मला विमानात बसायची डॉक्टरने मनाई केलीय म्हणून, नाहीतर या लाईनच्या मागे एवढी लागले असते का मी? तिथेच येऊन बसले असते.

बरं… बरं. रडू नकोस, दम लागेल. चेहरा नको. नाही मागत. हात दाखव फक्त… हो, नुसता हात. थानासिसला कॅमेरा धरायला सांग. हा फोन चालू राहू दे.

…वाजतोय इकडे व्हिडिओ कॉल. उचलला. काळंच आहे… असू दे, घाई नाही. मी बसलेय. सूप जाऊ दे उतू गेलं तर.

…आला. अगं, आला. केवढासा झालाय… काही नाही, काही म्हटलं नाही मी. अंगठी कुठाय?… हं, दोऱ्यात ओवून गळ्यात. बरं केलंस. करंगळी मात्र आईसारखीच वाकडी. हलवतेस? हलव ना. बसमधून हलवला होतास तसा…

अडकलं. चित्र अडकलं गं, हात वर असतानाच… नाही, बंद करून परत लावू नकोस. कंपनीलाही आज काही बोलू नकोस. अडकू दे.

तू दमलीस. पड जरा. फोन ठेव तू… ठेव गं. तुझा हात इथे आहे तसाच आहे. मी बघत बसते.