जवाएवढी आर

आमी कुरुळीचे लोहार. किती पिढ्यांचे ते मला सांगता यायचं न्हाई, पण ही ऐरण पणजाची हाय आणि मधोमध खचली हाय, एवढं दाखवू शकतो. गुरुजी, तुमी जुने शब्द गोळा करत गावोगाव हिंडता आणि मला इचारता, आर म्हणजे काय. काय सांगू तुमाला, ह्या शब्दाची मला किळस येते. पण आलाच हाय तर बसा, आणि लिहायचं तर सगळं लिहा.

पराणी म्हणजे बैल हाकायची काठी, आणि तिच्या टोकाला बसवलेला खिळा ती आर. आमच्या गावचा कोंडिबा जोडे शिवताना कातडं टोचतो, त्या हत्याराला तो आरी म्हणतो. तो माझ्या बापाला चिडवायचा, शब्द आधी आमचा, तुमी लोहारांनी चोरला. बाप म्हणायचा, अरे, लोखंडाला टोक कुणी काढलं ते सांग, मंग शब्दाचं बोल. आता तुमी म्हणता संस्कृतात आरा हाय, आणि वेदात गुरं राखणाऱ्या एका देवाच्या हातात ती असायची. असंल. देवाच्या हातात शोभली असंल.

बापाची शिकवण अशी, की आर जवाच्या दाण्याएवढी, वर केसभर न्हाई. बुडाला दोन पीळ द्यायचे, म्हणजे काठीत घट्ट बसते. चाकणचा लोहार एकच पीळ देतो, दोन पीळ आमच्याच घरचे. आणि घडून झाली की आधी आपल्या तळहातावर दाबून बघायची. रक्त आलं तर कानस मारून बोथट करायची. बैलाला सांगायचं असतं, भोसकायचं नसतं, असं बाप म्हणायचा. ही बघा माझ्या हातावरची ठिपके ठिपके खूण, ती त्याचीच.

बाप गेला आणि दोन वर्षांनी पिंपरीच्या माळावर कारखान्याचं काम निघालं. आमच्या भागातल्या गाड्या दगड वाहायला लागल्या. ठेकेदाराचा मुकादम माझ्याकडं आला, म्हणाला, आरा पाहिजेत, बोटाच्या पेराएवढ्या, बैल चढाला थांबतात. मी म्हणालो, एवढी लांब आमी करत न्हाई. तो हसला, म्हणाला, राव, तुमी घडवायच्या, टोचणार दुसराच, तुमाला काय. आणि रोख देतो, बलुत्यासारखी खळ्याची वाट बघायला नको. गावात सांगू नका म्हणालो, आणि घडवल्या. तळहातावर एक पण दाबली न्हाई. हात पुढं केला आणि मागं घेतला. तवाच मला कळलं होतं, गुरुजी, न्हाई असं न्हाई.

गावाला वाटलं, मुकादमानं त्या पुण्याच्या बाजारातून आणल्या. मी वाटू दिलं.

माझा लहानपणचा सोबती रामा, त्याची पण गाडी त्या कामावर. त्याचा पाखऱ्या बैल माझ्या दारात नाल ठोकायला यायचा, माझा खांदा चाटायचा. मुकादम खेपा मोजायचा, कमी झाल्या की गाडी बंद. रामानं ती लांब आरेची पराणी चालवली. पाखऱ्याच्या शेपटीच्या बुडाशी भोक पडलं, त्यात पू झाला, किडे झाले. मी बघितलं, वास आला, आणि मी काय केलं, तर रामाला म्हणालो, भावा, हळद लाव. हळद लाव म्हणालो! आठ दिवसांनी मोशीच्या चढाला पाखऱ्या जुवातच बसला तो उठला न्हाई.

बैल जुवात मेला, अंगावर जखम, म्हणजे पाप रामाचं. चावडीवर ठरलं, प्रायश्चित्त घ्यायचं. आमच्याकडची रीत अशी, की मेलेल्या जनावराचं दावं आपल्या गळ्यात अडकवायचं आणि दारोदार भीक मागायची, तोंडातून शब्द काढायचा न्हाई, गुरासारखं हंबरायचं. मी चावडीवरच बसलो होतो. व्हय म्हणणाऱ्यांत मान माझी पण हलली.

तिसऱ्या दिवशी रामा माझ्या दारात आला. गळ्यात पाखऱ्याचं दावं, झोळी पुढं, आणि हंबरला. बायको रडायला लागली. मी सूप उचललं आणि त्याच्या झोळीत पीठ घातलं. ह्या हातानं. पीठ घेऊन तो लगेच गेला न्हाई. भात्याजवळ आला, कनवटीची एक वस्तू काढून ऐरणीवर ठेवली आणि वळून चालू लागला. आर होती. पाखऱ्याच्या रक्तानं काळी पडलेली, आणि बुडाला दोन पीळ. हाताला सवय, लपवायचं असून पण पीळ देऊन बसलो होतो. त्यानं ओळखलं होतं. चावडीवर एक शब्द बोलला असता तर दावं माझ्या गळ्यात असतं.

त्याला चार वर्षं झाली. रामानं परत बैल घेतला न्हाई, त्याच कारखान्यात हमाली करतो. सुट्टीला येतो, वाटेत भेटला की म्हणतो, काय भावा, बरं हाय का. मी बरं हाय म्हणतो आणि घरी येऊन थुंकतो. माझ्यावरच.

ते बघा, खुंटीला नवं दावं. परवा बाजारातून आणलं. रामा सुट्टीला आला हाय. उद्या सकाळी गळ्यात घालणार, पहिलं दार त्याचं. दारोदार हिंडताना बोलता येत न्हाई, गुरुजी, म्हणून तुमी आर इचारलीत ते बरं झालं, आजच बोलून घेतलं. कुणी इचारलं, लोहार का हंबरतोय, तर हे चावडीवर वाचून दाखवा. आणि रामाच्या दारात तुमी संगं या. त्यानं पीठ घातलं न्हाई तरी त्याचं भलं होवो.