मारिसोलचा दिवस

शालिग्राम सर : आणि निबंधातला टॉमी कुत्रा कुठे गेला?

रुपली : काढून टाकला, सर.

शालिग्राम सर : लंडनची ती दुमजली लाल बस?

रुपली : ती पण.

शालिग्राम सर : ऐकलंत, तेरसिंगभाऊ? एवढ्यासाठीच तुम्हाला रावेरहून बोलावून घेतलं. धुळ्याला जिल्ह्याची स्पर्धा आहे, आपण लिहिलेलं वाचून दाखवायची. विषय, 'परदेशातील मुलाचा एक दिवस'. आपल्या आश्रमशाळेतून पहिल्यांदाच कुणी चाललंय. मी दोन रविवार घालवून हिला सुंदर निबंध लिहून दिला. आणि तुमची ही सातवीतली लेक म्हणते, मी वाचणार नाही.

तेरसिंग : रुपली, सरनं कसं काय ऐकत नही तू?

रुपली : बाबा, सरांनी लिहिलं, मग ते सरांचं झालं. स्पर्धेत नाव माझं आहे.

शालिग्राम सर : जीभ बघा! बरं, हिनं काय लिहिलंय ते ऐका. 'मारिसोल पहाटे पाचला उठते. चुलीवर कच्ची केळी उकडते. धाकट्या भावाला पाठीशी बांधते आणि होडीत बसून शाळेत जाते. शाळा केळीच्या बागेत आहे.' आता मला सांगा, हा परदेश आहे का? होडी काढून टाकली की तुमचा पाडाच झाला ना?

रुपली : इक्वेडोर आहे ते. दक्षिण अमेरिकेत. नकाशावर नखाएवढा दिसतो. तुमच्याच वर्गातला नकाशा आहे, सर.

शालिग्राम सर : नकाशात असेल. पण ही मारिसोल तुला कुठे भेटली?

रुपली : फोनवर. दिवाळीच्या सुटीत मी बाबांजवळ होते ना, केळीच्या पॅकिंगवर. तिथं तिचे वडील आले होते. मार्को. परदेशात पाठवायची केळी कशी कापायची, कशी धुवायची, ते शिकवायला. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिथं सकाळ होते. ते रोज पोरीला फोन लावायचे. मी मागे उभी राहायची. मग एक दिवस ती म्हणाली, ही कोण?

शालिग्राम सर : मराठीत म्हणाली?

रुपली : तिच्या भाषेत. फोनच मराठी करून सांगतो, सर. थोडं चुकतं. तिनं भावाला झोपवलं म्हणायचं तर फोन म्हणाला, भावाला आडवं पाडलं.

तेरसिंग : हाई खरं शे, सर. मी सोता ऐकेल शे.

शालिग्राम सर : असेल खरं. मी कुठे खोटं म्हणतो? पण तेरसिंगभाऊ, तिथं परीक्षक बसतात, शहरातल्या शाळांची मुलं बसतात. दोन वर्षांपूर्वी मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. आपल्यासारख्याच एका आश्रमशाळेचा मुलगा उभा राहिला आणि 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणाला. अख्खं सभागृह हसलं. तो पुढचं वाचूच शकला नाही. मला आपल्या पोरीचं तसं व्हायला नकोय. लंडन कसं, कुणाला हसायला जागाच नाही.

रुपली : सर, तुम्ही लंडन पाहिलंय?

शालिग्राम सर : नाही.

रुपली : मी मारिसोलला पाहिलंय.

तेरसिंग : रुपली!

शालिग्राम सर : बोलू द्या तिला. पण हे पुढचं विमानाचं काय लिहिलंयस? हे तर कुणालाच पटणार नाही.

रुपली : तिकडे बागा फार मोठ्या. विमानातून औषध फवारतात. शाळा बागेतच, मग शाळेवर पण पडतं. डोळे चुरचुरतात, डब्यातल्या अन्नाला वास येतो. मोठी माणसं म्हणायची, आत पळा, तोंडावर फडकं धरा. मारिसोल म्हणाली, आम्हीच का पळायचं? मग पोरं शाळेच्या पत्र्यावर चढली. पांढऱ्या रंगानं मोठ्ठं लिहिलं, 'इथे मुलं आहेत'.

शालिग्राम सर : मग? विमान आलं नाही?

रुपली : दोन दिवस नाही आलं. तिसऱ्या दिवशी आलं.

शालिग्राम सर : म्हणजे उपयोग काहीच झाला नाही.

रुपली : त्यांनी मग आणखी मोठं लिहिलं. इतकं मोठं की पत्रा पुरला नाही, शेवटची दोन अक्षरं भिंतीवर उतरली.

शालिग्राम सर : तेरसिंगभाऊ, तुम्हीच समजवा आता. नाहीतर मला हिच्या वर्गातल्या भूपेंद्रला न्यावं लागेल. त्याचं लंडन तोंडपाठ आहे.

तेरसिंग : सर, माले इतलं समजत नही. पन त्यो मार्को मी देखेल शे. पह्यल्या दिवशी बठ्ठास्नी त्याले खुर्ची दिधी, परदेशी साहेब म्हनीसन. त्यो बसनाच नही. केळीना घड खांदावर लिधा न् आम्हनासंगे चालना. हात देखा त्याना, केळीना चीक लागीसन काळा पडेल. आते हाई मना हात देखा. फरक दखाडा माले.

शालिग्राम सर : हात खाली घ्या, भाऊ. मी तसं म्हणत नव्हतो.

तेरसिंग : पोर खोटं बोलती ते मीच कान पकडतू. ती खरं बोलस. मंग तिले कसं काय सांगू, दुसरानं लिखेल वाच?

रुपली : भूपेंद्रला न्या, सर. मला राग नाही येणार. पण मला नेलंत तर मी हेच वाचणार.

शालिग्राम सर : आणि हसले तर?

रुपली : हसले तर थांबेन. हसून झाले की पुढचं वाचेन.

शालिग्राम सर : बरं. शुद्धलेखन तरी तपासू दे. आण ती वही इकडे. 'फवारणी'तला 'णी' बाणातला लिही.

(चार दिवसांनी, दुपारी. धुळ्याचं बसस्थानक. रुपली आणि सर शिरपूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले आहेत.)

शालिग्राम सर : खा ना. वडा गार होतोय.

रुपली : सर, तुम्ही उठून का उभे राहिलात?

शालिग्राम सर : कधी?

रुपली : त्या परीक्षक बाई मला मधेच थांबवून म्हणाल्या तेव्हा. 'बाळ, छान वाचतेस, पण हा तुझाच पाडा आहे, नाव तेवढं परदेशी दिलंस.' मी उत्तर दिलं होतं की. आमच्या पाड्यावर विमान येत नाही म्हटलं.

शालिग्राम सर : आणि सगळे हसले.

रुपली : मी थांबले होते. हसून झाले की पुढचं वाचणारच होते. तेवढ्यात तुम्हीच मागून ओरडलात.

शालिग्राम सर : ओरडलो नाही. जरा मोठ्यानं बोललो.

रुपली : 'परदेशातलं पोर गरीब असू शकत नाही, असा नियम कुठे छापलाय, तो मला दाखवा.' असं म्हणालात. तुमचा आवाज कापत होता.

शालिग्राम सर : बावीस वर्षं नोकरी झाली, रुपली. परीक्षकांपुढे पहिल्यांदाच तोंड उघडलं. कापणारच.

रुपली : मग पुढचं मी वाचलं तेव्हा कुणीच हसलं नाही.

शालिग्राम सर : नंबरही कुणी दिला नाही. पहिला आला तो जपानवर लिहिणारा. छान वाचलं पोरानं, खोटं कशाला बोला. तुला वाईट वाटलं?

रुपली : थोडं. शेवटच्या रांगेतली एक मुलगी बाहेर आल्यावर विचारत होती, मारिसोलचा फोन नंबर देशील का. तेव्हा कमी झालं.

शालिग्राम सर : ते सहभागाचं प्रमाणपत्र नीट धर, तेल लागेल. शाळेच्या ऑफिसात लावू आपण. चौकट मी आणतो.

रुपली : हे नाही लावायचं.

शालिग्राम सर : का गं? आता काय?

रुपली : हे माझं नाही. वाचा ना. 'कुमारी रूपाली' लिहिलंय.

शालिग्राम सर : अरे... हो की. लिहिणाऱ्याला वाटलं असेल शाळेनंच नाव चुकीचं कळवलं, म्हणून त्यानं सुधारलं. असू दे. कागदावर दिसतंही चांगलं.

रुपली : माझ्या आजीचं नाव रुपली होतं, सर. तिचं कुणी सुधारलं नाही.

शालिग्राम सर : आण ते प्रमाणपत्र इकडे.

रुपली : सर, शिरपूरची गाडी लागली. सगळे पळताहेत. जागा मिळणार नाही.

शालिग्राम सर : लागू दे. वडा हातात घे आणि चल. ते सभागृह बंद करायच्या आत पोचून तुझं नाव नीट लिहून घ्यायला हवं.