गाड्या धाकटीच्या लाईनीवर गेल्या

माझं माहेर खडवलीचं. बाप भाताची शेती करायचा, आम्ही पाच बहिणी, त्यात मी चौथी, म्हणजे लाडाची पण नाही आणि नकोशी पण नाही. लग्न होऊन मी इकडे आले ती गाडीनंच आलेली, खडवलीला बसले, कल्याणला उतरले आणि तिथनं पायी, कारण आमचं गाव कल्याण आणि ठाकुर्लीच्या मध्ये, ठेसन नाही, काही नाही, नुसती रुळाच्या कडेला घरं. पहिल्याच दिवशी सासूनं सांगितलं, रूळ ओलांडताना दोन्हीकडं बघायचं गो, आणि गाडी उभी असली तर ओलांडायचं नाही, गाडी उभी असली तर टोपली उचलायची. मला काही समजलं नाही. पुढं समजलं. आमच्या गावाचं पोट गाडीवर नव्हतं हो, गाडी अडकण्यावर होतं.

आता तुम्ही लिहून घेताय तर हे नीट लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं बाई काय बोलते. कल्याणला नाशिकची लाईन आणि पुण्याची लाईन फुटते, तिथं सगळ्या गाड्यांची दाटी, फलाट रिकामा नसला की गाडी आमच्या गावाजवळ सिग्नलला उभी करायची. सिग्नल म्हणजे खांब आणि त्याला एक हात. हात आडवा असला की गाडी थांबली, हात खाली पडला की सुटली. लोकलही अडकायच्या, पण आमचं खरं गिऱ्हाईक लांबच्या पॅसेंजरचं. चैत्र-वैशाखात गाडी अशी उन्हात उभी राहिली की आतली माणसं पाणी पाणी करायची, पोरं रडायची, आणि आम्ही बायका काकड्या, उकडलेल्या शेंगा, जांभळं, करवंदं, जे असेल ते घेऊन खिडकीखाली. माझ्याकडं पाण्याची कळशी असायची, पाणी फुकट, काकडी विकत. कुणी विचारायचं, बाई, पाणी कोणाच्या हातचं? मी म्हणायची, विहिरीच्या हातचं, प्यायचं तर प्या. प्यायचे.

आणि आमच्यात डबे वाटलेले होते. ज्या बाईचा जो डबा, तिनं तिथंच उभं राहायचं, दुसरीच्या खिडकीशी जायचं नाही, गेली तर भांडण. इंजिनामागचा पहिला डबा सगळ्यात चांगला, कारण तो सिग्नलच्या खांबाजवळ, हात पडताना आधी आम्हाला दिसायचा, शेवटचं गिऱ्हाईक उरकून पैसे हातात येईपर्यंत थांबता यायचं. मागच्या डब्याच्या बाईला गाडी हलली की कळायचं, मग धावा. पहिला डबा सासूचा होता, ती थकली तेव्हा माझा झाला. दर आठवड्याला जाणारी-येणारी माणसं मला नावानं नाही, पहिल्या डब्याची मावशी म्हणून ओळखायची. नाशिककडचा एक म्हातारा तर खिडकी सोडून दारात यायचा, म्हणायचा, मावशी, आज कडू निघाली तर पुढच्या खेपेला भांडीन. कधी कडू निघाली नाही. निघाली असेल तर त्यानं सांगितलं नाही.

जर्मनची मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ आली, चांगुणा. दिसायला काही नाही, बारीक, सावळी, पण आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या माणसानं वळून बघावं, आणि सारखी हसायची. एवढं हसण्यासारखं काय असतं माणसाला? सासू तिच्याकडं बघून हसायची. माझ्याकडं बघून ती कधी हसल्याचं मला आठवत नाही, माझ्यावर तिनं काम टाकलं, चांगुणावर जीव टाकला. असो.

सासू गेली आणि वाटण्या झाल्या. आमच्यात रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. आमच्याकडं दोन तुकडे. एक सिग्नलजवळचं भाताचं शेत, लहान पण गोड्या मातीचं, दारात गाडी. दुसरं खाडीच्या अंगाचं खाजण, मोठं पण खारट, आणि त्याच्या कडेनं लढाईची लाईन गेलेली. ती लाईन लढाईच्या वेळी मिलिटरीच्या मालासाठी टाकलेली, ठाकुर्लीपलीकडून निघायची आणि कल्याणच्या तोंडाशी मोठ्या लाईनीला मिळायची. लढाई संपल्यावर तिला कुणी विचारीना. कधीतरी एखादी मालगाडी जायची, बाकी रुळात गवत, गवतात शेळ्या, आणि स्लीपरांवर आमच्या बायका शेणी वाळत घालायच्या. चांगुणा सिग्नलचा तुकडा उचलणार म्हणून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पंचांसमोर विचारलं तर काय म्हणाली ठाऊक आहे? आम्हाला खाजण द्या, तिथं कोळंबी मिळते. पंचसुद्धा बघत राहिले. मी त्या दिवशी गूळ घालून तांदळाची खीर केली. आमचे हे म्हणाले, आज काय सण आहे? मी म्हटलं, जेवा गुपचूप.

म्हणजे बघा, तिनं माझं काही हिसकावून घेतलं नाही, राहिलेलं पण घेतलं नाही, तिनं निवडून वाईट घेतलं आणि मला चांगलं मिळालं. हे मी तुम्हाला आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल तिनं काहीतरी केलं असेल. काही केलं नाही. तेच तर दुखणं आहे.

चार-पाच वर्षं बरी गेली. मी पहिल्या डब्याला, चांगुणा शेवटच्या, गार्डाजवळ. मग एका दुपारी टोपी घातलेला एक साहेब आला, बरोबर दोन माणसं, साखळी टाकून मोजत होते. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं, विचारलं, काय मोजता? भला माणूस होता, आनंदानं सांगायला लागला, बाई, मोठ्या लाईनीवर फार गर्दी झाली, लोकलही तिथंच आणि लांबच्या गाड्याही तिथंच, आणि ही पलीकडची लाईन नुसती गंजत पडली आहे, तर लांबच्या पॅसेंजर तिकडनं न्यायच्या, मग इथं गाडी अडकायची नाही, तुमच्या गावाची कटकट जाईल. मी म्हटलं, कटकट कोण म्हणालं? त्याला काही समजलं नाही. त्याचीही चूक नाही, गाडीत बसून अडकलेल्या माणसाची ती कटकटच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे रेल्वेच्या ग्यांगमध्ये, रूळ ठोकायचे. म्हणाले, रेल्वेला गाड्या चालवायच्या आहेत, तुझ्या काकड्या विकायच्या नाहीत. मी म्हटलं, मग माझ्या काकड्यांच्या पैशानं घर शाकारलं तेव्हा गप्प का होता? तेव्हाही गप्प होते, आताही गप्प झाले.

मग खाजणाच्या कडेनं एकेक खांब उभा राहायला लागला. शेळ्या हाकलल्या, शेणी उचलल्या, नवी खडी आली, विजेच्या तारा ओढल्या. मी रोज आमच्या बांधावर उभी राहून बघायची. लोकांच्या दारात मांडव पडतो तसं तिच्या दारात चाललं होतं आणि मला आमंत्रण नव्हतं. आणि ती येऊन मलाच सांगायची, बाय, आमची झोप मोडणार गो आता, पोरं लहान, जीव घाबरतो. मला वाटायचं, नाटक करते. आता वाटतं, खरंच घाबरत असेल. पण तेव्हा मला नाटकच वाटलं, आणि तुम्ही विचाराल तर आजही थोडं वाटतं.

गाड्या तिकडं वळल्या. आमच्या सिग्नलला हात सारखा पडलेलाच, लोकल आली की गेली, आली की गेली, वारा तेवढा लागायचा. लोक म्हणाले, रेल्वेनं चांगलं काम केलं. केलं असेल. पण मी तुम्हाला हिशेबाचं बोलते, दाटी होती कल्याणच्या तोंडाशी, ती दोन लाईनींनी गेलं म्हणून थोडीच जाते? मोठी लाईन मोकळी झाली हे खरं, पण लढाईची लाईन जिथं मोठीला मिळते तिथं आता पॅसेंजर ताटकळायच्या, मोठी लाईन रिकामी मिळेपर्यंत. आणि ती जागा कुठली? चांगुणाच्या खाजणाची. माझं अडकणं उचललं आणि नेऊन तिच्या दारात ठेवलं.

पहिल्यांदा मी म्हटलं, मरू दे, आपण कल्याणच्या बाजारात बसू. बसले. बाजारात बायका शंभर, कोण विचारतो? एक दिवस परत येताना लढाईच्या लाईनीच्या कडेनं आले, पॅसेंजर उभी होती. आणि दारातनं तो नाशिकचा म्हातारा वाकून हाक मारतो, अहो पहिल्या डब्याच्या मावशी! मी थांबले. माझा हात डोक्यावरच्या पदराला गेला. आणि पुढनं चांगुणा, तिथला पहिला डबा आता तिचा, टोपली घेऊन धावत गेली, आले बाबा, आले. त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही. त्याला मावशी पाहिजे होती, कोणती ते कुठं ठरलेलं होतं?

त्या रात्री मला ताप आल्यासारखं झालं, पण ताप नव्हता.

शेवटी जावंच लागलं. घर चालवायचं तर मानानं चालत नाही. एका दुपारी टोपली घेतली आणि खाजणावर गेले. कुणाला विचारलं नाही, रूळ काही तिच्या बापाचे नाहीत. पण तिथं डबे वाटून झालेले, नव्या बाईला शेवटचा. म्हणजे मी, सिग्नलची मी, गार्डाच्या डब्याखाली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. गाडी आली, उभी राहिली. चांगुणा पुढनं ओरडली, बाय, इथला हात उलटा आहे हां, वर गेला की सुटली! ते सिग्नल नव्या तऱ्हेचे होते, हात खाली पडायचा नाही, वर उचलायचा. मी ऐकलं, पण मनात म्हटलं, माझ्या घरात आली तेव्हा हिला आडवा हात आणि पडलेला हात माहीत नव्हता, आता मला शिकवते.

एक बाई पोराला घेऊन दारात होती, काकड्या निवडत होती. मी टोपली पायरीवर टेकवली. नजर सिग्नलवर, कारण सवय, आणि तिथं लाईन वळते म्हणून मागनंही हात लांबनं दिसायचा. हात वर गेला. आता कानानं ऐकलेलं एक, आणि डोळ्याची इतक्या वर्षांची सवय एक. हात पडला नाही म्हणजे गाडी उभी आहे, असं माझ्या डोळ्यानं मला सांगितलं. चांगुणा ओरडली, बाय, सुटली गो, सुटली! मला वाटलं, माझं गिऱ्हाईक मोडते. मी मुद्दाम वळले नाही. आणि गाडी हलली. टोपली पायरीवर, मी दांडा धरून टोपलीसाठी धावतेय, पाय खडीत, लुगडं पायात, आणि गाडी वेग घेते. तेवढ्यात पुढनं चांगुणा धावत आली. तिनं माझ्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं, आम्ही दोघी खाली खाजणाच्या चिखलात. टोपली गेली कल्याणला. गार्ड हिरवं निशाण धरून आमच्याकडं बघत गेला.

बायका हसून हसून बसल्या. एक म्हणाली, थोरली निघाली होती माहेरी, खडवलीला, धाकटीनं उतरवलं! दुसरी म्हणाली, आहेर पुढं पाठवलाय, काकड्यांचा!

चांगुणा हसली नाही. एवढी हसणारी बाई, त्या दिवशी नेमकी हसली नाही. मी सांगितलं होतं, असं पण म्हणाली नाही. माझ्या ढोपराचा चिखल पदरानं पुसला आणि विचारलं, लागलं का गो बाय? आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, पहिला डबा आजपासून थोरलीचा, तिथनं हात नीट दिसतो, मी दुसऱ्याला राहीन.

काय सांगू तुम्हाला, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिला माफ केलं असतं. भांडून घेतला असता तो डबा तर गोड लागला असता. असा ताटात वाढून दिलेला घशाखाली उतरत नाही. पण घेतला. नाही कशाला म्हणू? पोटाला पाहिजे होता.

आता पण मी पहिल्या डब्यालाच असते. ती दुसऱ्याला. आणि गंमत ऐका, पहिल्या डब्यातली माणसं दारातनं वाकून तिला हाक मारतात. तो आवाज, ते हसणं. मग ती त्यांना सांगते, तिकडं घ्या, थोरलीकडं घ्या, तिच्या काकड्या चांगल्या. आणि ते घेतात. माझा माल मी विकत नाही, ती विकून देते.

मध्ये हे सांगत आले की कल्याणला नवीन फलाट बांधायचं बोलणं आहे, तसं झालं तर खाजणावर पण गाडी थांबायची नाही. तुम्ही लिहून घेताय म्हणून खरं सांगते, ऐकलं तेव्हा आधी मला बरं वाटलं. चांगुणाचं बंद होणार. मग हातातलं पीठ तसंच राहिलं, कारण माझंही होणार. पण बरं आधी वाटलं.

मी तिचं वाईट चिंतत नाही हो. तिची पोरं सुखी राहोत, दीर शंभर वर्षं जगो, खाजणात कोळंबी मावू नये एवढी होवो. देवानं तिला भरभरून द्यावं. फक्त माझी एवढीच मागणी आहे, जे काय द्यायचं ते तिच्या मागच्या दारानं द्यावं, आमच्या बांधावरनं मला दिसेल असं देऊ नये.