तनिषचं नाव ड्राफ्टमध्ये

बर दुबईला अब्रा बोटीच्या रांगेत माझ्यापुढचा नवरा बायकोवर असा खेकसत होता, जणू खाडी त्याच्या बापाची.

“आपला तनिष आधी कॉलेज संपवेल, मग क्रिकेट लीगच्या ड्राफ्टमध्ये नाव देईल. खलास!”

“अहो, बॉल आत्ता एकशेचाळीसच्या स्पीडनं पडतोय. डिग्री मिळेपर्यंत खांदा थांबणारे का?”

“आणि कुठल्याच टीमनं घेतला नाही तर?”

“तर घरी येईल. नाव द्यायची आज शेवटची तारीख आहे.”

“हे बघ साधना, माझ्या व्हिसावर राहायचं तर माझंच ऐकायचं!”

“तुमची नोकरी गेली तेव्हाच मी त्याला माझ्या व्हिसावर घेतलंय.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“आणि तुम्हालासुद्धा घेतलंय.”

“...तसा बॉल मात्र जोरात टाकतो हं पोरगा.”